आबांची फियाट
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा सांगितलं होतं, की तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर दहा मिनिटं बोल. मी हो म्हटलं. पण त्या विषयावर आपली मुलंच आपल्याला रोज घरात ऐकवत असतात. शिवाय तीस वर्षांनी शिवाजी पेठेत, आपल्याच शाळेच्या हॉलमध्ये उभं राहून मी नोकरीतल्या गोष्टी सांगायच्या, हे मनाला पटेना. म्हणून विषय बदलला आहे. आमच्या गाडीबद्दल बोलणार आहे. तुमच्यातले निम्मे तरी त्या गाडीत कधी ना कधी बसलेले आहात आणि उरलेल्या निम्म्यांनी ती ढकललेली आहे.

दुधी रंगाची फियाट. कागदोपत्री तिचं नाव प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात ही गाडी इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यावर तयार व्हायची. १९७० च्या दशकात तिचं नाव बदलून पद्मिनी झालं, पण आपल्याकडं तिला शेवटपर्यंत कुणी पद्मिनी म्हटलं नाही. फियाट ती फियाटच. आमची १९७९ सालची. आबांनी १९९० मध्ये ती इचलकरंजीच्या एका सूत व्यापाऱ्याकडून जुनी म्हणून घेतली. तेव्हा आपण सहावीत होतो. आबांचं उद्यमनगरात दोन लेथचं छोटं वर्कशॉप होतं. स्वतःची मोपेड नीट नसलेल्या माणसानं गाडी घेतली म्हणून सगळ्या भावकीनं त्यांना वेड्यात काढलं होतं.

आजच्या मुलांना सांगून खरं वाटत नाही, पण तेव्हा आमच्या आख्ख्या गल्लीत दोनच चारचाकी होत्या. नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचा काळ आपल्या आई-वडिलांनी पाहिलेला. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हळूहळू चित्र बदललं, पण पेठेतल्या गल्लीपर्यंत तो बदल यायला वेळ लागला. त्यामुळं आमची गाडी ही आमची कधीच नव्हती. ती गल्लीची होती, तालमीची होती आणि शाळेची तर होतीच.

आठवतंय का बघा. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. पुढची सीट सलग, त्यामुळं पुढं तिघं आणि मागं जेवढी कोंबाल तेवढी. थंडीत चोक ओढल्याशिवाय चालू व्हायची नाही. चोक जास्त ओढला तर पेट्रोल तुंबून बंद पडायची. मग तालमीची पोरं हाक मारायच्या आतच यायची आणि उतारापर्यंत ढकलायची. पन्हाळ्याच्या चढाला हमखास थांबायची. इंजिनच्या उष्णतेनं पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि कार्ब्युरेटरला पेट्रोल मिळायचं बंद व्हायचं. आबा पंपावर ओलं फडकं टाकायचे आणि सगळ्यांना खाली उतरवून शेंगा खायला लावायचे. शेंगा संपेपर्यंत गाडी निवायची. आपल्या वर्गातल्या काही जणांना अजूनही वाटतं, की पन्हाळ्याला जाताना मध्ये शेंगा खायची प्रथाच आहे.

स्नेहसंमेलनाच्या कपड्यांची ट्रंक याच गाडीतून यायची. फुटबॉलच्या मॅचला गुडघा फोडून घेतलेला आपला गोलकीपर याच गाडीतून सीपीआरला गेला. आज तो समोर बसून हसतोय, म्हणजे गुडघा ठीक आहे.

मी अठरा वर्षांची झाल्यावर आबांनी मला गाडी शिकवली. विद्यापीठाच्या रस्त्यावर, पहाटे. पण शिकवायची त्यांची पद्धत उलटी होती. पहिले दोन रविवार मला स्टिअरिंगला हातच लावू दिला नाही. बॉनेट उघडून उभं केलं. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढ, पॉइंट पॉलिशपेपरनं घास, फटीत पत्रीचं माप घाल, फॅनबेल्ट दाबून बघ. मी वैतागले, तर म्हणाले, "गाडी चालवायला कुणीबी शिकतंय पोरी. बंद पडल्यावर काय करायचं, त्ये शिक." पुढं सांगलीला वालचंद कॉलेजात इंजिनिअरिंगला गेले. ज्या वालचंद हिराचंदांचं नाव त्या कॉलेजला आहे, त्याच सोलापूरच्या माणसानं १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली होती. हे कळल्यावर आबांनी गाडीच्या डॅशबोर्डवर नारळ फोडायचाच बाकी ठेवला होता. आणि आज वीस-पंचवीस वर्षं मी जे काम करते, तेही शेवटी बॉनेट उघडून उभं राहण्याचंच आहे. प्रोग्रॅम चालतोय तोवर मला कुणी विचारत नाही. बंद पडला की रात्री दोनला फोन येतो.

रात्री दोनवरून एक प्रसंग सांगते. ज्या मैत्रिणीचा आहे तिची परवानगी घेतली आहे. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. आपण दहावीत असताना, पावसाळ्यात, तिच्या आईची तब्येत रात्री एकदम बिघडली. मिरजेला न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. मिरज पन्नासेक किलोमीटर. आबांनी गाडी काढली. काकू आणि काका मागं, पुढं आम्ही दोघी. मैत्रीण माझा हात सोडायला तयार नव्हती म्हणून मीही बसले. हातकणंगले ओलांडलं आणि गाडी आचके देऊन थांबली. धो धो पाऊस, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आबांनी शर्ट काढून बॉनेटखाली आडोसा केला, मला बॅटरी धरायला लावली आणि झाकण काढून पुसायला सुरुवात केली. आत ओल गेली होती. मागं काका मोठ्यानं काही बोलत नव्हते, फक्त काकूंना "जाग्या हायसा न्हवं?" असं परत परत विचारत होते. ती सात-आठ मिनिटं असतील, मला अजून मोजता येत नाहीत. गाडी चालू झाली. पहाटेच्या आत आम्ही मिरजेत होतो. काकू आज ऐंशीच्या पुढं आहेत आणि काल मी त्यांच्या हातचा तांबडा-पांढरा जेवून आले.

आता त्या गाडीचं काय झालं, ते सांगते. कारण इथं आल्यापासून सात जणांनी तेच विचारलं.

आबा २०११ मध्ये गेले. मी पुण्यात, भाऊ बेंगळुरूत. गल्लीत तोपर्यंत घरटी गाडी झाली होती आणि आमची फियाट लावायला जागा उरली नव्हती. म्हणून ती दुधाळीत मामांच्या शेडमध्ये ठेवली. वर्षातून दोनदा येऊन आम्ही ती चालू करायचो. ऑगस्ट २०१९ चा महापूर तुम्हाला सांगायला नको. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ५५ फुटांवर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद. आम्ही दोघंही कोल्हापुरात पोचू शकलो नाही. मामांची माणसं सुखरूप बाहेर पडली, हे महत्त्वाचं. गाडी मात्र स्टिअरिंगपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर आत घोट्याएवढा गाळ.

उद्यमनगरातल्या आबांच्या जुन्या मेस्त्रींनी बघितली. म्हणाले, इंजिन उघडून करता येईल, पण फरशी गंजलीय, पत्रा बदलावा लागेल, आणि गाडी चाळीस वर्षांची. भाऊ म्हणाला, कितीही खर्च येऊ दे, करूया. आपल्या कोल्हापुरात जुनी गाडी जपायचं वेड आहेच. दरवर्षी विजयादशमीला दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक येते आणि आपण सगळे ती बघायला टाचा उंच करून उभे राहतो. भावाच्या डोळ्यांसमोर तसंच काहीतरी होतं. मी मध्यम मार्ग काढत होते, की निदान दारात उभी करून ठेवू.

निर्णय आईनं दिला. ती म्हणाली, "ती गाडी माणसांस्नी न्यायला आणल्याली. उभी करून पुजायला न्हवं." विषय संपला.

मग नोंदणी रद्द करण्याचे सोपस्कार झाले. चासीवरचा नंबराचा तुकडा कापून द्यावा लागतो. तो कापताना भाऊ बाहेर जाऊन उभा राहिला. आईनं बॉनेटला हळद-कुंकू लावलं. आणि गाडी भंगारात गेली.

हे ऐकून तुमच्यातल्या काहींचे चेहरे उतरले. पण आपण कोल्हापूरची माणसं आहोत, आपल्याकडं भंगार म्हणजे शेवट नसतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या काय खातात? भंगारच. गाडीचा पत्रा दाबून त्याचे गठ्ठे होतात, ते विजेच्या भट्टीत जातात. बिडाचा इंजिन ब्लॉक फोडून तोही जातो. त्यात कच्चं लोखंड, कार्बन यांचा मेळ घालून चौदाशे अंशांच्या आसपास रस वाळूच्या साच्यात ओतला जातो, आणि त्यातून पंपाच्या, ट्रॅक्टरच्या, मोटारींच्या भागांचं ओतकाम बाहेर पडतं. आमच्या गाडीचा रस नेमका कुठल्या साच्यात गेला, ते कुणी सांगू शकणार नाही. पण आबांनी उभा जन्म लेथवर असलंच ओतकाम कातण्यात घालवला. त्यांना हे आवडलं असतं, एवढं मी खात्रीनं सांगते. मुंबईतही ३० ऑक्टोबर २०२३ ला शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली, तेव्हा पेपरांत रकानेच्या रकाने आले. मला मात्र आमचीच आठवली.

गाडी गेली, पण एक गोष्ट राहिली. तीच आज घेऊन आले आहे. आबांचं कपाट आवरताना तीन वह्या सापडल्या. दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या. गाडी घेतल्यापासून २००९ पर्यंतची प्रत्येक खेप त्यात लिहिली आहे. तारीख, वेळ, कुठं, किती किलोमीटर, किती पेट्रोल. नमुना म्हणून वाचते.

"रात्री १ वा. सीपीआर. पाऊस. परत ४."
"दहावीची पोरं ६. परीक्षा. येताना ७."
"शाळा. ट्रंक २, तबला १, मारुतीची गदा."
"मिरज. वाटेत पाणी शिरलं. पोरीनं बॅटरी नीट धरली."

सवयीप्रमाणे मी हे सगळं संगणकावर भरलं. एकूण ६१२ नोंदी. त्यातल्या ७१ रात्रीच्या. ४३ ठिकाणी नुसतं "शाळा" असं लिहिलं आहे. पण साऱ्या वह्यांत एक रकाना कुठंच नाही: कुणासाठी गेलो, त्याचं नाव. आणि पैशाचाही रकाना नाही. आईला विचारलं, की आबांनी नावं का लिहिली नाहीत? ती म्हणाली, "नाव लिवलं की त्ये कर्ज हुतंय."

तेव्हा एक विनंती आहे. त्या ४३ पानांच्या झेरॉक्स मी बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत. तारखा बघा. ज्यांना आपली खेप ओळखू येईल त्यांनी मला नुसतं सांगा, कोण होतं, काय झालं होतं. लिहू नका. मला फक्त ऐकायचं आहे.

दुसरं अधिक महत्त्वाचं. आज समोर बसलेल्या आपल्या गुरुजनांपैकी कितीतरी जण एकटे किंवा दोघंच राहतात. मुलं पुण्यात, परदेशात. आपल्या शास्त्राच्या बाईंना मागच्या महिन्यात डोळ्यांच्या तपासणीला जायला तीन दिवस रिक्षा ठरवत बसावं लागलं, हे मला काल कळलं. आपल्या बॅचचे जवळपास तीसजण आजही कोल्हापुरात आहेत आणि पार्किंगमध्ये आता मी मोजल्या, बावीस गाड्या उभ्या आहेत. त्यातली एकही ढकलावी लागत नाही. प्रत्येकानं महिन्यातला एक दिवस दिला तरी एकाही सरांना, बाईंना दवाखान्यात जायला कुणाची वाट बघावी लागणार नाही. मी पुण्यात असते, पण महिन्यातला दुसरा शनिवार माझा. यादी आणि फोन सांभाळायचं कामही माझ्याकडं द्या. माझं कामच ते आहे.

त्यासाठी एक नवी दोनशे पानी वही आणली आहे. रकाने आखले आहेत: तारीख, वेळ, कुठं, किती किलोमीटर. बाकीचे रकाने आबांच्या वहीत नव्हते, ते यातही नाहीत. आज जेवणानंतर ज्यांना आपला दिवस द्यायचा आहे, त्यांनी मला गाठावं.

आणि सर, बाई, तुम्ही संकोच करू नका. तुम्ही आम्हाला वर्गाबाहेर काढलंत तेव्हा केला होता का?