बावन्न सेकंदांच्या आधी आणि नंतर

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेले भाषण)



आपल्या सभागृहात मोठ्या पडद्यावर भारताचा सामना लावला की आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे हजर असतात. राष्ट्रगीत सुरू झालं की गुडघे दुखणारी मंडळीसुद्धा खुर्चीचा हात धरून उभी राहतात. ही आपल्या इंदूरच्या मराठी घरांची चांगली सवय आहे. पण पूर्ण राष्ट्रगीत साधारण ५२ सेकंदांत संपतं. आज बोलायचं आहे ते त्याच्या आधी आणि नंतर आपण काय करतो याबद्दल.

सुरुवात शेजारच्या महूपासून करू. १२ ऑगस्ट १९४८ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर ऑलिंपिक हॉकीचा अंतिम सामना झाला. समोर ब्रिटन होतं आणि आपले कर्णधार होते महूत जन्मलेले किशनलाल. आपण ४-० असे जिंकलो. हॉकीची आधीची तीन सुवर्णपदकं इंग्रजी अमलातली होती. या वेळी तिरंगा वर चढला. स्वातंत्र्याला वर्ष पुरं व्हायला तीन दिवस बाकी होते. राष्ट्रगीत कोणतं, याचा अधिकृत निर्णयसुद्धा पुढे २४ जानेवारी १९५० रोजी झाला. त्या संघात शीख होते, मुसलमान होते, मूळचे गोव्याचे ख्रिस्ती होते, अँग्लो-इंडियनही होते. फाळणीच्या जखमा ओल्या असताना ही मुलं एकमेकांना चेंडू देत होती.

आता चार वर्षं पुढे, हेलसिंकीला जाऊ. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पदक देताना फक्त सुवर्णविजेत्याच्या देशाचं गीत वाजतं, त्यामुळे खाशाबांसाठी आपली धून वाजली नाही. पण त्यांना तिथवर पाठवण्यासाठी गावकऱ्यांनी पैसे जमवले होते आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं होतं. देशप्रेम याहून वेगळं काय असतं? २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही आपल्याला सुवर्ण मिळालं नाही, म्हणून गीत वाजलं नाही. तरी कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेचं नेमबाजीतलं कांस्य आपण कमी मानत नाही.

हे झालं आधीचं. नंतरचं जास्त अवघड आहे, कारण नंतर कधी कधी हार असते.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये दुबईत आपण पाकिस्तानकडून हरलो. सामन्याआधी अकराही जण एकाच रांगेत उभे होते. पण हरल्यावर मोहम्मद शमीला त्याच्या धर्मावरून शिव्या घातल्या गेल्या. कर्णधार विराट कोहली उघडपणे त्याच्या बाजूने उभा राहिला, हे बरं झालं. आपल्या घराण्यांना माळव्यात येऊन पिढ्या लोटल्या, तरी ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न अजून चुकत नाही. तो प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात प्रेम आहे की संशय, हे आपल्याला लगेच कळतं. मग नावावरून कोणाची निष्ठा मोजायची नाही, हे आपण तरी कोणाकडून शिकायचं? राष्ट्रगीतात सात प्रदेशांची नावं ओळीने येतात. मराठी मुलूख त्यातला एक आहे, पहिला नाही आणि शेवटचाही नाही.

याउलट चेन्नई आठवा. ३१ जानेवारी १९९९. सचिनने पाठदुखी सोसत १३६ धावा केल्या, तरी पाकिस्तानने आपल्याला १२ धावांनी हरवलं. क्षणभर मैदान सुन्न झालं आणि मग प्रेक्षकांनी उभं राहून पाहुण्या संघासाठी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी भारताची मान खाली गेली नाही, उंचच झाली.

समोरच्या संघाचं गीत लागतं तेव्हा आपल्याकडे चहाचे कप फिरू लागतात. बांगलादेशाचा सामना असेल तेव्हा आठवा, ते गीतही रवींद्रनाथांचंच आहे. एकाच कवीच्या एका गीताला उभं राहायचं आणि दुसऱ्याच्या वेळी गप्पा मारायच्या, हे आपल्याला शोभत नाही.

म्हणून मंडळापुढे तीन गोष्टी ठेवतो. सभागृहात सामना असेल तेव्हा दोन्ही राष्ट्रगीतं संपेपर्यंत सगळ्यांनी शांत उभं राहावं. हरलेल्या खेळाडूबद्दल, विशेषतः मुलांसमोर, कोणी वावगं बोलू नये. आणि यंदाच्या वर्गणीतून काही रक्कम बाजूला काढून एका होतकरू मुलाच्या किंवा मुलीच्या बुटांचा, खुराकाचा, स्पर्धेच्या प्रवासाचा खर्च मंडळाने उचलावा. ते मूल मराठी घरातलंच हवं, अशी अट नको. घर गहाण ठेवण्याची वेळ आपल्यावर आलेली नाही. रोषणाईच्या दोन माळा कमी केल्या तरी एवढं जमेल.

गणराय ही बुद्धीची देवता आहे. तेवढी बुद्धी त्याने आपल्याला द्यावी, ही प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!