संगणक हँग होतो तेव्हा



गेल्या मे महिन्यातली गोष्ट. नांदेडला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकणारा एक मुलगा माझ्याकडे आला. वडिलांनी सोयाबीनच्या पैशातून घेऊन दिलेला त्याचा संगणक सारखा हँग होत होता. दुकानदार म्हणाला होता, "मदरबोर्ड गेला." प्रकल्प चार दिवसांत द्यायचा होता आणि घरी पुन्हा पैसे मागायचा धीर होत नव्हता.

मी विचारले, "नेमका केव्हा हँग होतो रे?"

"एरवी नाही सर. कंपाईल लावलं की होतो."

निम्मे उत्तर तिथेच मिळाले. प्रोग्रामरने लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवणे म्हणजे कंपाईल करणे. मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये अशा हजारो फायली असतात. वेळ वाचावा म्हणून 'मेक' या आज्ञेला 'जे' हे अक्षर आणि आकडा जोडतात. तेवढी कामे एकदम सुरू होतात. आकडा लिहायचा राहिला, तर कामांना मर्यादाच उरत नाही!

या मुलाने १६ लिहिले होते, कारण प्रोसेसर एका वेळी १६ कामे हाताळणारा होता. मेमरी मात्र ८ जीबी. सी प्लस प्लसची अवघड फाईल एकटीच एक जीबीहून अधिक मेमरी घेऊ शकते. मेमरी भरली की संगणक काही माहिती डिस्कवर ठेवतो. डिस्क कितीतरी संथ. मग सगळा वेळ या ने-आणीतच जातो आणि माऊसही हलत नाही.

लातूरकरांना हे उलगडून सांगायला नको. २०१६ च्या मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती पाचपेक्षा अधिक लोकांनी जमू नये, असा आदेश तिथे काढावा लागला होता. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. गर्दी वाढली म्हणून टाकीतले पाणी वाढत नाही. मेमरीचेही तसेच आहे.

तेव्हा आधी कामे कमी करा. एका कामाला दोन जीबी धरा. ८ जीबीला तीन-चार कामे पुरेत. शेवटी सगळे भाग जोडण्याची पायरी जास्त मेमरी खाते, ती एकेक करून होऊ द्या. 'टॉप' ही आज्ञा चालू ठेवून मेमरीवर नजर ठेवा.

मेमरी मोकळी असूनही हँग होत असेल, तर उष्णतेचा संशय घ्या. कंपाईल करताना प्रोसेसर पूर्ण ताकदीने राबतो, त्यात आपल्याकडचा मे महिना. पंख्यात साठलेली धूळ काढा, तापमान पाहा. संगणक एकदम बंदच पडत असेल, तर पॉवर सप्लायही तपासा.

आणखी एक खूण. दर वेळी एकाच फायलीवर चूक येत असेल, तर आधी प्रोग्राम तपासा. दर वेळी जागा बदलत असेल, तर मेमरीची पट्टी सदोष असू शकते. 'मेमटेस्ट' रात्रभर चालवा.

त्या मुलाने १६ च्या जागी ४ लिहिले. वेळ जास्त लागला, पण सकाळी काम पुरे झालेले होते. मदरबोर्ड ठणठणीत होता. वडिलांकडे हात पसरावा लागला नाही.

श्रोतेहो, यंत्र बिघडले असे वाटले की खिशात हात घालण्याआधी एवढेच विचारा: ते नेमके केव्हा बिघडते?