बालसेवकांच्या शिक्षकांस दोन शब्द



सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ब्रिगेडनें १९२२ सालीं मुलांसाठीं कॅडेट शाखा काढिली. मुलें शिकवाल तें शिकतात; आम्हांस चिंता आहे ती आपणां वडील स्वयंसेवकांची. भाजल्यावर तूप चोपडणें, सर्पदंशावर दोरी आवळणें हें आपण प्रेमळ आज्यांपासून उचललें. शोमरोन्यानें जखमेवर तेल व द्राक्षारस ओतला, तें त्या काळचें उत्तम ज्ञान होतें. आज भाजल्या जागीं २० मिनिटें गार वाहतें पाणी सोडावें. दंश झालेला अवयव हलूं न देतां रुग्णास तत्काळ इस्पितळांत न्यावें. ज्याच्या हातांत हें मुरलें नाहीं त्यानें मुलांपुढें उभें राहूं नये. मिनिटास १०० ते १२० वेळां छाती दाबण्याचा सराव मात्र पुतळ्यावरच. धाकट्या भावावर नव्हे! प्रौढांचा वर्ग रविवारच्या मिस्सानंतर भरेल, मुलांचा त्याच्या मागाहून.