टायरची कड रिमवर बसवताना



नाते खिंडीतून रायगडाकडे,
वा पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वराकडे जाणारा दुचाकीस्वार
ज्या टायरवर आपला जीव सोपवतो,
त्याची कड घरी बसवताना घाई सर्वथा वर्ज्य समजावी.

रिमचा गंज काढावा.
कडेस साबणाचे पाणी लावावे.
ट्यूब किंचित फुगवून आत घालावी.

कडेची एक बाजू रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून ठेवली,
म्हणजे समोरची बाजू विनासायास चढते;
बळजोरीने ट्यूब मात्र चिमटते.

हवा सावकाश भरावी.
रिमलगतची टायरवरील रेषा सर्वत्र समान अंतरावर दिसली, तरच कड बसली.
अन्यथा हवा सोडावी,
पुन्हा साबणाचे पाणी लावावे,
पुन्हा सावकाश भरावी.

पेट्रोल शिंपडून जाळाने टायर बसवणे प्राणघातक आहे;
ते कदापि करू नये.