काळ्या पाण्यावरची मुले

(हीरकमहोत्सवी माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



‘काळे पाणी’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सेल्युलर जेल आणि सावरकर बंधू उभे राहतात. ते स्वाभाविकच आहे. परंतु तात्याराव १९११ साली अंदमानात उतरले, तेव्हा ती बंदिवानांची वसाहत ५३ वर्षांची झाली होती. त्या वसाहतीच्या आरंभाविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

अपराध्यांना समुद्रापार धाडण्याची रीत इंग्रजांना नवी नव्हती. अमेरिकेतील वसाहती हातच्या गेल्यावर त्यांनी १७८८ मध्ये ऑस्ट्रेलियात कैद्यांची वसाहत उभारली. पुढच्याच वर्षी आर्चिबाल्ड ब्लेअर याने कंपनी सरकारसाठी अंदमानात ठाणे वसवले. पण रोगराईमुळे १७९६ मध्ये ते सोडून द्यावे लागले.

१८५७ च्या उठावानंतर सरकारला त्या बेटांची पुन्हा आठवण झाली. तुरुंग अपुरे पडत होते, आणि सिंगापूरच्या गोऱ्या रहिवाशांना बंडवाले आपल्या शेजारी नको होते. १० मार्च १८५८ रोजी डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर २०० कैदी घेऊन अंदमानात पोहोचला. त्यांच्याच हातांनी जंगल तोडून वसाहत उभी राहिली. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला, ही लोकांच्या मनातील भीतीही शिक्षेचाच भाग ठरली. पळून जाऊन पुन्हा सापडलेल्या ऐंशीहून अधिक कैद्यांना वॉकरने एकाच दिवशी फासावर चढवले. ही बेटे निर्जन नव्हती, हेही विसरता कामा नये. बाहेरून आलेल्या रोगांनी तेथील मूळ अंदमानी समाज पुढे जवळजवळ नामशेष झाला.

काही वर्षे चांगल्या वर्तनाने काढलेल्या कैद्यांना कालांतराने जमीन कसण्याची आणि कैदी स्त्रियांशी विवाह करण्याची मुभा मिळू लागली. प्रांत वेगळा, जात वेगळी, भाषा वेगळी, असे संसार तेथे थाटले गेले. त्यांच्या मुलांची बोली हिंदुस्थानी झाली. ‘लोकल बॉर्न’ या नावाने त्यांचे वंशज आजही तेथे ओळखले जातात. या मुलांनी कोणताही गुन्हा केला नव्हता. तरी आपली जन्मकथा सांगताना त्यांना बापाच्या शिक्षेपासूनच आरंभ करावा लागे.

हा इतिहास शिकवताना मला माझीच एक चूक आठवते. नोकरीच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या एका गावी, मी भर वर्गात प्रत्येक मुलाला वडिलांचा व्यवसाय विचारला. एक मुलगा उभा राहिला, पण बोलेना. मी पुन्हा, जरा दरडावूनच विचारले. त्याचे वडील तुरुंगात होते. हे मला मागाहून कळले. वर्गाला आधीच ठाऊक होते. आठवडाभर तो शाळेत आला नाही. तेव्हापासून वर्गात हा प्रश्न मी कधीही विचारला नाही.

शहाजीराजांच्या काळापासून मराठी माणसे या बंगळूर नगरीत येत राहिली. कोणी चाकरीसाठी आले, कोणी व्यापारासाठी. आपण आपल्या इच्छेने आलो, आणि आपल्या भाषेची ही शाळा साठ वर्षे चालवू शकलो. बेड्या घालून नेलेल्यांना असे काही उभारता आले नाही.

म्हणून माझी आपणां सर्वांना एकच विनंती आहे. या शाळेत येणाऱ्या कोणत्याही मुलाकडे त्याच्या घराण्याचा हिशेब मागू नका. हजेरीपटावर त्याचे नाव आहे, तेवढी ओळख आपल्याला पुरेशी असावी.