मुलाला नव्हे, निरोप घरी पाठवा



लहान मुलांना होणाऱ्या सूतकृमींचा, म्हणजे दोऱ्यासारख्या बारीक पांढऱ्या जंतांचा विषय व्यासपीठावर सहसा येत नाही. तो चारचौघांत काढायलाच संकोच वाटतो, आणि या संकोचावरच हा जंत पोसला जातो, असे माझे मत आहे. एखाद्या मुलाला जंत झाल्याचे कळले की ‘बरा होईपर्यंत अंगणवाडीत पाठवू नका’ असे पालकांना सांगितले जाते. ही रीत आपण सोडून द्यावी, असे मी आज सुचवणार आहे. मुलाची दया येते म्हणून मी हे म्हणत नाही. या रीतीने जंत आटोक्यात येत नाहीत, उलट वाढतात, म्हणून म्हणतो आहे.

सूतकृमी माणसाच्याच आतड्यात राहतो. कुत्र्यामांजरांकडून तो येत नाही. मादी साधारण 1 सेंटीमीटर लांब असते. रात्री मूल झोपले की ती शौचाच्या जागेतून बाहेर येते आणि भोवतालच्या त्वचेवर 10,000 च्या आसपास अंडी घालते. तिथे खाज सुटते, मूल झोपेतच खाजवते, अंडी नखांत अडकतात आणि बोट तोंडात गेले की पुढची पिढी पोटात पोचते. घातलेली अंडी 4 ते 6 तासांत संसर्ग करण्याजोगी होतात; चड्डी, चादर, सतरंजी, खेळणी यांवर ती 2 ते 3 आठवडे तग धरतात. गिळलेल्या अंड्यापासून अंडी घालणारी मादी तयार व्हायला मात्र 1 ते 2 महिने लागतात. म्हणजे आज ज्या मुलाची चुळबुळ अंगणवाडी सेविकेच्या ध्यानात आली, त्याला लागण होऊन निदान महिना तरी उलटलेला असतो. त्यात कितीतरी मुलांना काहीच त्रास जाणवत नाही. खाजवणाऱ्या मुलाला घरी बसवले, तरी न खाजवणारी दोन-तीन मुले त्याच सतरंजीवर खेळत राहतात. इकडे त्या मुलाच्या आईचा रोज बुडतो आणि मुलाचा गरम आहार चुकतो. ब्रिटनमधील आरोग्ययंत्रणाही सूतकृमी झालेल्या मुलाला शाळेपासून दूर ठेवायला सांगत नाही.

घरी बसवण्याची भीती आणखी एक नुकसान करते. पालक गोष्ट लपवतात. ‘आमच्या घरी अशी घाण नाही’ किंवा ‘गोड खाल्लं म्हणून झाले असतील’ असे म्हणून वेळ मारून नेतात. गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत, आणि सूतकृमी स्वच्छ घरातही शिरतो. मग एकट्या मुलाला गुपचूप एक गोळी दिली जाते. ती गोळी पोटातले जंत मारते, पण अंडी तिला पुरी दाद देत नाहीत. म्हणून 2 आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते, आणि घरातल्या सर्वांनी औषध एकाच वेळी घ्यावे लागते. गरोदर स्त्रिया आणि अगदी लहान बाळे यांच्याबाबत आधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

यावर कोणी विचारील की सरकारचा जंतनाशक दिन आहेच, मग वेगळे काय करायचे? 2015 मध्ये सुरू झालेल्या या मोहिमेत देशभर 1 ते 19 वर्षांच्या मुलांना अल्बेंडॅझोल दिले जाते, आणि ते मोलाचे काम आहे. पण त्याचा रोख मातीतून पसरणाऱ्या गोल जंत, चाबूक जंत आणि अंकुश कृमी यांच्यावर आहे. तेच औषध सूतकृमीलाही मारते, हे खरे. परंतु ज्या घरात दुसरी मात्रा नाही आणि आईबापांना औषध नाही, तिथे काही आठवड्यांत सारे पूर्वपदावर येते. शौचाची तपासणी ‘निल’ आली म्हणून निर्धास्त होणेही चूक आहे, कारण अंडी शौचात क्वचितच सापडतात. सकाळी उठल्याबरोबर, अंघोळीपूर्वी, शौचाच्या जागेवर पारदर्शक चिकटपट्टी लावून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही खरी तपासणी.

हा आजार जीवघेणा नाही, मग एवढी चर्चा कशाला, हा आक्षेप मला मान्य नाही. रात्र रात्र नीट न झोपलेले मूल दिवसा चिडचिडते, गाणी-गोष्टींत रमत नाही. मुलींमध्ये जंत पुढच्या बाजूला जाऊन दाह होतो, आणि लाजेमुळे तो बरेच दिवस कोणाला सांगितला जात नाही. तीन वर्षांच्या जिवाला ही तळमळ सोसावी लागते आणि ती सहज टाळता येते, एवढे कारण मला पुरेसे वाटते.

सेविकांवर आधीच नोंदवह्यांचा भार आहे, हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणून नवी नोंदवही मी सुचवत नाही. 1945 मध्ये बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हापासून अंगाची स्वच्छता हा आपल्याकडे बालवाडीच्या शिक्षणाचाच भाग राहिला आहे. आठवड्यातून एकदा नखे कापणे, शी-शूनंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुणे, एवढे अंगणवाडीत व्हावे. सॅनिटायझरवर विसंबू नये. अंडी साबण-पाण्यानेच धुऊन निघतात. पाळणाघरात दुपारच्या झोपेसाठी प्रत्येक मुलाची चादर वेगळी असावी आणि ती न झटकता धुवावी, कारण झटकल्याने अंडी हवेत उडतात. घरी सकाळची अंघोळ चुकवू नये आणि चड्डी रोज बदलावी, कारण रात्रीची अंडी तेव्हाच धुतली जातात. आपली बादली-तांब्याची अंघोळ टबापेक्षा या कामी केव्हाही चांगली.

राहिला निरोप. एका मुलात जंत दिसले की त्याच दिवशी सर्व पालकांना, नाव न घेता, एकच चिठ्ठी जावी: वर्गात सूतकृमी आढळले आहेत, मुलांना पाठवत राहा, घरात कोणाला खाज असेल तर सगळ्यांच्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा, दुसऱ्या मात्रेची तारीख लिहून ठेवा. ही चिठ्ठी प्रवेशाच्या वेळीच पालकांना वाचून दाखवली, तर पुढे ती मिळाल्यावर कोणी दचकणार नाही. आपल्या या परिषदेने या चिठ्ठीचा नमुना आज ठरावासोबत मंजूर करावा, आणि ज्या अंगणवाड्यांत अजून नळ नाही तिथे पाणी व साबण पुरवण्याची मागणी त्याच ठरावात पहिल्या क्रमांकावर घालावी, अशी माझी विनंती आहे.