तळमजल्यावरचे मासे आणि फुटका माठ

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला 'संस्थेच्या आठवणी' असा विषय दिला. लिफ्ट, पार्किंग आणि मेंटेनन्सच्या आठवणी इतर वक्ते सांगतीलच. मी जिन्याजवळच्या फिश टँकबद्दल बोलतो. त्यातलं एक खातं माझ्याकडून बंद व्हायचं राहिलंय.

टँक दोन फूट बाय एक बाय एक, म्हणजे पन्नासेक लिटर पाणी. त्यात चार गोल्डफिश. मी नुकताच बँकेतून रिटायर झालो होतो, वेळच वेळ. दर रविवारी टँक पूर्ण रिकामा करायचा, वाळू-गोटे नळाखाली घासून लख्ख धुवायचे, हा माझा नेम. धंतोलीतल्या एखाद्या ऑपरेशन थिएटरला लाजवेल अशी स्वच्छता! तरी महिनाभरात चारही मासे गेले.

दुसऱ्या मजल्यावरची सहा वर्षांची चिमुरडी शाळेतून आली. "आजोबा, मासे कुठे गेले?" मी म्हटलं, "फुटाळ्यात सोडले, मोठे झाले ना." तिनं हट्टच धरला, दाखवा म्हणून. नेलं बाप्पा! काठावर ती तासभर पाण्यात नारंगी रंग शोधत उभी होती. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी खोटी एन्ट्री केली नव्हती, ती तिथे झाली.

मग वाचायला बसलो. मी कॉमर्सचा माणूस, पण एवढं कळलं की मासे कल्ल्यांतून अमोनिया टाकतात. तो दिसत नाही. पाणी नितळ असतं अन् मासा मरतो. काही जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, जे बरंच निरुपद्रवी. विनोग्राडस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. ते वाळूला, गोट्यांना चिकटून राहतात, आणि मी दर रविवारी नळाच्या क्लोरीनच्या पाण्याने त्यांना धुऊन काढत होतो.

म्हणून फिल्टर करायचं ठरवलं. आधी माळ्यावरचा कूलरचा पंप काढला. सौ. म्हणाल्या, "पोरं त्यात हात घालतात हो!" कूलरचा शॉक लागल्याच्या बातम्या नागपुरात दर उन्हाळ्यात वाचतोच की आपण. पंप परत माळ्यावर गेला. त्याऐवजी हवेचा छोटा पंप आणला. त्याची वीज पाण्याबाहेरच राहते. तो टँकच्या पाण्यापेक्षा उंच ठेवला, नाहीतर लाईट गेली की नळीतून पाणी उलटं पंपात येतं.

बाकी सामान घरचंच. दोन लिटरची प्लॅस्टिकची बरणी, झाकणाला तापवलेल्या खिळ्याने पाडलेली भोकं, मधून तळापर्यंत उभा पाईप, त्याच्या खालच्या टोकाला खाचा. पाईपभोवती फुटलेल्या माठाची खापरं, उकळून घेतलेली. खापराला बारीक छिद्रं असतात, जिवाणूंना मुक्कामाला उत्तम. खापरांवर स्पंज. हवेची नळी पाईपात तळाशी सोडली की बुडबुडे वर जाताना पाणी ओढतात, आणि झाकणातून नवं पाणी स्पंज-खापरांतून खाली येतं. बरणी अख्खी टँकमध्ये बुडवून ठेवायची.

हे सुरू झालं तरी लगेच मासे भरायचे नाहीत. जिवाणू जमायला महिना-दीड महिना लागतो. मी आधी एकच मासा आणला, खाणं चिमूटभर आणि दर दोन दिवसांनी थोडं पाणी बदलायचं, तेही बादलीत दिवसभर उघडं ठेवलेलं. आपल्या उन्हाळ्यात तर या बुडबुड्यांना मोलच नाही, कारण पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. स्पंज मात्र टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. नळ नाही!

त्यानंतरचा एक गोल्डफिश नऊ वर्षं जगला.

ती चिमुरडी आता कॉलेजात आहे, तिसऱ्या रांगेत बसली आहे. बेटा, ते चार मासे फुटाळ्यात गेले नव्हते. गेटजवळच्या तगरीखाली पुरलेत. येत्या रविवारी स्पंज पिळायचा आहे, माझ्याने आता वाकवत नाही. आठ वाजता खाली ये.